नैराश्याची गोळी सोडताना : नवख्यांसाठी पायरीपायरीने

नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी सुरू केलेली गोळी बंद करण्याचा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा डॉक्टरांच्या खोलीत होत नाही. स्ट्रिप संपते त्या दिवशी तो परस्पर होऊन जातो. माझेही तसेच झाले. एस्सिटालोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी मी दोन वर्षांहून अधिक काळ रोज रात्री घेत होतो, प्रकृती चांगली होती, आणि एका शनिवारी स्ट्रिपमधली शेवटची गोळी संपली. रविवारी कोपऱ्यावरचे मेडिकल बंद होते, सोमवारी कामाच्या धांदलीत गोळी आणायची राहिली, आणि मंगळवारी मी मनाशी म्हटले की एवढ्यात काही झाले नाही, तर आता नकोच ती. बुधवारी संध्याकाळी मंडईजवळच्या सिग्नलला स्कूटरवर थांबलो होतो. उजवीकडून येणारी बस पाहण्यासाठी मान वळवली आणि डोक्यातून झण्णकन काहीतरी सरकले. जुनी ट्यूबलाइट लागण्यापूर्वी दोनतीनदा लुकलुकते, तसे क्षणभर सगळे लुकलुकले. पुढच्या आठवड्यात भोवळ, मळमळ, पहाटे तीन वाजता घामाने ओली झालेली उशी आणि कुकरच्या शिट्टीनेही उसळणारा संताप, असा सगळा लवाजमा येऊन दाखल झाला. आजार उलटला, अशीच माझी समजूत झाली. प्रत्यक्षात, रोज मिळणारे औषध एकाएकी तुटल्यामुळे शरीर कुरकुरत होते. हे मला अकराव्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्यावर कळले. गोळी पुन्हा सुरू झाली, तीनचार दिवसांत डोके ताळ्यावर आले, आणि पुढे योग्य वेळ पाहून आम्ही दोघांनी मिळून ती आठ महिन्यांत सावकाश बंद केली.

हा लेख त्या दुसऱ्या प्रयत्नातून शिकलेल्या गोष्टींचा आहे. मी डॉक्टर नाही. येथे दिलेले आकडे विषय समजून घेण्यासाठी आहेत. आपली मात्रा किती व केव्हा कमी करायची हे आपल्यावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी ठरवायचे आहे. गोळी चालू असेल तर हा लेख वाचून ती उद्यापासून बंद करू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो.

पहिली पायरी : वेळ झाली आहे का, हे पाहणे

नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आजार वारंवार उलटलेला असेल तर ही मुदत दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक असू शकते. मनाचे टोकाचे चढउतार होणारा बायपोलर आजार, मंत्रचळ म्हणजे ओसीडी, किंवा पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झालेला असणे, अशा परिस्थितीत हा हिशेब पूर्णपणे वेगळा असतो आणि तो घरच्या घरी मांडता येत नाही.

इंग्लंडमध्ये झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दीर्घकाळ औषध घेत असलेल्या आणि आता ते थांबवण्याइतपत बरे वाटणाऱ्या ४७८ रुग्णांचे दोन गट केले होते. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार उलटला, तर औषध बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा. हे आकडे मी दोन्ही बाजूंनी वाचतो. गोळी चालू ठेवली म्हणजे अभेद्य कवच मिळाले असे नाही, आणि ती बंद केली म्हणजे आजार परत येणारच असेही नाही. परंतु बंद करण्यात जोखीम वाढते हे मान्य करूनच पाऊल टाकावे लागते.

गोळी का सोडायची आहे, हे स्वतःला स्पष्टपणे विचारावे. वजन वाढणे, सतत घाम येणे, लैंगिक इच्छा मंदावणे, आनंद आणि दुःख दोन्ही बोथट झाल्यासारखे वाटणे, ही कारणे खरी आहेत आणि ती डॉक्टरांना संकोच न करता सांगावीत. काही वेळा मात्रा किंवा औषध बदलूनही त्यांवर मार्ग निघतो. बाळाचा विचार असेल, तर गोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे, कारण गरोदरपणात एकाएकी औषध तोडण्याचेही धोके असतात. मात्र स्थळे पाहायला सुरुवात झाली म्हणून, किंवा आत्याने ‘या गोळ्यांची सवय लागते हो’ असे सुनावले म्हणून गोळी सोडायची असेल, तर ते कारण आपले नाही, आत्याचे आहे. सवयीबद्दल येथेच सांगतो. व्यसनात तलफ येते, मात्रा वाढवत न्यावी लागते, त्या पदार्थापायी माणूस घरदार पणाला लावतो; नैराश्याच्या या गोळ्यांच्या बाबतीत तसे होत नाही. परंतु मेंदू रोजच्या औषधाशी जुळवून घेतो आणि ते काढून घेतले की त्याला पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो, ही वस्तुस्थिती आहे. आत्याचे म्हणणे त्यामुळे पूर्ण चूक नाही, फक्त शब्द चुकीचा आहे.

वेळही निवडावी. मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा, घरातले लग्न, नोकरीतला बदल, घर बदलणे किंवा नुकतेच झालेले कोणाचे निधन, अशा काळात सुरुवात करू नये. पुढील काही महिने बऱ्यापैकी सरळ जातील असे वाटत असेल, तेव्हाच तारीख ठरवावी.

दुसरी पायरी : स्ट्रिपवरची बारीक अक्षरे वाचणे

गोळीचे बाजारातले नाव बाजूला ठेवून, स्ट्रिपच्या मागे छापलेले मूळ औषधाचे नाव भिंगाने का होईना, वाचावे. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण एकाच गोळीत दोन औषधे असणाऱ्या जोडगोळ्या भारतात सर्रास लिहून दिल्या जातात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी हे त्याचे अगदी नेहमीचे उदाहरण आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलिनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असलेली गोळीही बरेच जण घेतात. यांतील क्लोनाझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधे वेगळ्या गटातली आहेत, त्यांची खरोखरीच सवय लागू शकते, आणि दीर्घकाळ घेतलेली असताना ती एकदम तोडली तर फिट येण्याचीही वेळ येऊ शकते. अशी जोडगोळी चालू असेल तर आपण एक नव्हे, दोन औषधे सोडणार आहोत. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन्ही औषधे आधी स्वतंत्र गोळ्यांत विभागून देतात आणि एका वेळी एकच कमी करतात.

मूळ नाव कळले की पुढची अडचण किती येईल याचा अंदाज बांधता येतो. औषध शरीरातून निम्मे कमी व्हायला लागणारा काळ जितका छोटा, तितका त्याचा तुटवडा शरीराला अचानक जाणवतो. व्हेन्लाफॅक्सिनचा हा काळ सुमारे ५ तासांचा आहे आणि शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या क्रियाशील घटकाचा सुमारे ११ तासांचा. त्यामुळे एक गोळी चुकली तरी संध्याकाळपर्यंत अनेकांना गरगरू लागते. पॅरोक्सेटिनचा काळ जवळजवळ एका दिवसाचा असला तरी ते सोडतानाही त्रास जास्त होतो असा अनुभव आहे. सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्राम मधल्या फळीत येतात. फ्लुओक्सेटिनचा हा काळ मात्र काही दिवसांचा आणि त्यापासून बनणाऱ्या घटकाचा तर एक ते दोन आठवड्यांचा असतो, म्हणून ते बरेचसे आपले आपणच सावकाश उतरते. परंतु त्यामुळेच त्याची लक्षणे आली तर ती काही आठवडे उशिरा येऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे.

स्ट्रिपवर नावापुढे एसआर, सीआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असतील, तर औषध सावकाश सुटावे अशी त्या गोळीची घडण असते. ती मोडू किंवा कुटू नये. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणेही चुरडू नयेत, कारण त्यांच्यावरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाचे रक्षण करते.

तिसरी पायरी : डॉक्टरांशी बोलणे

ओपीडीत मिळणारा वेळ थोडा असतो, म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: औषध कोणते व किती वर्षे चालू आहे, पूर्वी कधी ते चुकले किंवा बंद झाले तेव्हा काय झाले, आजार आधी किती वेळा उलटला, आणि सध्या आणखी कोणती औषधे चालू आहेत. यातला दुसरा मुद्दा सर्वांत बोलका असतो. गावी गेल्यावर गोळ्या विसरल्या आणि दोन दिवसांत डोके गरगरले, एवढी साधी आठवणसुद्धा डॉक्टरांना वेग ठरवायला उपयोगी पडते.

‘पंधरा दिवस अर्धी घ्या आणि मग बंद करा’ असा सल्ला मिळाला तर गोंधळून जाऊ नये. कित्येक वर्षे दोन ते चार आठवड्यांत औषध उतरवण्याचीच पद्धत होती आणि थोडा काळच गोळी घेतलेल्या बऱ्याच लोकांना ती निभावतेही. २०१९ साली ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्स या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने, काहींना तीव्र व लांबणारा त्रास होतो हे उघडपणे मान्य केले, आणि २०२२ साली तेथील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत टप्प्याटप्प्याने, आधीच्या मात्रेच्या प्रमाणात औषध कमी करण्याची शिफारस आली. तेव्हा ‘मी बरीच वर्षे घेतो आहे, अधिक सावकाश उतरवता येईल का?’ असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. माझ्या डॉक्टरांनी तर हा प्रश्न ऐकून पेन खाली ठेवले आणि खुर्ची पुढे ओढली.

खाजगी तज्ज्ञ परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात जावे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. या सर्व ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग चालतात.

चौथी पायरी : मात्रा उतरवणे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. २० वरून १०, १० वरून ५ आणि ५ वरून शून्य, हा उतार कागदावर सोपा दिसतो आणि ५ मिलिग्रॅम तर ‘अगदीच किरकोळ’ वाटते. मेंदूच्या दृष्टीने ते किरकोळ नसते. अळणी आमटीत मिठाची पहिली चिमूट पडली की चव पार बदलते. सातवी किंवा आठवी चिमूट पडली तर जेवणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. या औषधांचे तसेच आहे. मेंदूत सिरोटोनिन हे पेशीपेशींत निरोप पोचवणारे रसायन परत ओढून घेणारी जी वाहक प्रथिने असतात, त्यांना ही औषधे अडवतात. सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमने सुमारे ८० टक्के वाहक अडवले जातात. ते प्रमाण ५० टक्क्यांवर आणायला मात्रा जवळजवळ ३.४ मिलिग्रॅमपर्यंत खाली यावी लागते, आणि एक मिलिग्रॅमहून कमी मात्रासुद्धा सुमारे २० टक्के वाहक अडवून धरते. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ साली हा हिशेब मांडला. एस्सिटालोप्राम हे सिटालोप्राममधला क्रियाशील अर्धा भाग आहे, त्यामुळे त्याचे आकडे साधारण निम्मे धरावेत. मिठाच्या भाषेत सांगायचे तर वरच्या चिमटी काढताना काही वाटत नाही आणि शेवटच्या चिमटी काढताना जीव मेटाकुटीस येतो. म्हणून वरच्या टप्प्यांवर महिनाभर पुरला, तर खालच्या टप्प्यांना त्याहून अधिक वेळ द्यावा, आणि प्रत्येक घट आधीच्या मात्रेच्या प्रमाणात छोटी होत जावी.

माझा उतार असा होता. १० वरून ७.५ वर चार आठवडे, ५ वर चार आठवडे, ३.७५ वर सहा, २.५ वर सहा, १.२५ वर आठ, आणि शेवटी त्याचीही निम्मी कणी सहा आठवडे. हा नमुना आहे, नुस्खा नव्हे. दहा वर्षे गोळी घेतलेल्या माणसाला याहून सावकाश जावे लागेल, आणि सहाच महिने घेतलेल्याला कदाचित एवढा वेळ लागणारही नाही. नियम एकच धरला होता: आधीच्या टप्प्याचा त्रास निवल्याशिवाय पुढचा टप्पा घ्यायचा नाही. २.५ वर असताना मी पंधरवडाभर चांगलाच हललो, तेव्हा डॉक्टरांनी पुढची तारीख सरळ पुढे ढकलली. काहींना एक टप्पा वर जाऊन स्थिर व्हावे लागते. त्याला अपयश समजू नये.

आपल्याकडे ‘आता एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला फार चालतो. फ्लुओक्सेटिनसारख्या रेंगाळणाऱ्या औषधाला तो चालून जातो. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र रक्तातली पातळी एक दिवस वर आणि एक दिवस खाली अशी हेलकावे खाते आणि दर दुसऱ्या दिवशी थोडाथोडा त्रास पुन्हा नव्याने होतो. रोज, ठरावीक वेळी, थोडी कमी मात्रा घेणे अधिक चांगले.

आता गोळी कापण्याविषयी. एस्सिटालोप्रामच्या ५ मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या मिळतात, त्यामुळे पाव गोळी म्हणजे १.२५ मिलिग्रॅम हा हिशेब सोपा जातो. पहिल्या दिवशी मी दाढीचे ब्लेड घेऊन स्टीलच्या ताटलीत गोळी कापायला बसलो आणि तिचा एक तुकडा टणकन उडून गॅसच्या शेगडीखाली गेला. बायकोने तो लाटण्याने बाहेर ओढून काढला आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी कापण्याची छोटी प्लास्टिकची डबी आणली. ती सरळ आधीच घ्यावी. तुकडे कधीच अगदी सारखे होत नाहीत, म्हणून एका गोळीचे चारही तुकडे ओळीने संपवून मगच दुसरी गोळी कापावी, म्हणजे चार दिवसांची सरासरी बरोबर राहते. आठवड्यापुरतेच तुकडे करावेत आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत. पावसाळ्यात उघड्यावरचा तुकडा ओलसर होऊन भुगा होतो. याहून बारीक मात्रेसाठी परदेशात द्रव औषध वापरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून काय करता येईल हे डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांना विचारावे. घरी गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने मोजण्याचे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत. उताराच्या काळात कंपनीही शक्यतो बदलू नये, आणि किमान दोन आठवड्यांचा साठा घरात असावा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

पाचवी पायरी : त्रास ओळखणे आणि दिवस काढणे

सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवले, परंतु औषध म्हणून दिलेली खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्के लोकांना तसे जाणवले होते. म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास साधारण सहासात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. यातले बरेच अभ्यास अल्पकाळ औषध घेतलेल्यांवरचे आहेत, हेही सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांच्या वाट्याला याहून अधिक येऊ शकते.

लक्षणांचे रूप ठरलेले असते. सर्दी-तापासारखी कसकस, घाम, मळमळ, भोवळ, झोपमोड आणि विलक्षण स्पष्ट स्वप्ने, हातापायांत मुंग्या, डोळे किंवा मान वळवताना डोक्यात बसणारे विजेसारखे झटके, आणि जोडीला चिडचिड, कारण नसताना दाटून येणारे रडू, छातीतली धडधड. बहुतेक औषधांच्या बाबतीत हे मात्रा घटवल्यापासून काही दिवसांत सुरू होते. अनेकांचे एकदोन आठवड्यांत निवते, काहींचे महिनोन्‌महिने लांबते. लांबणाऱ्यांना ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवणारे भेटतात. इमिप्रामिन या नैराश्यावरच्या जुन्या औषधानंतरची अशी लक्षणे १९५९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली आहेत, एवढे त्यांना सांगावे.

झटके धोकादायक नसतात असे आजवरच्या अनुभवावरून दिसते, परंतु दुचाकीवर असताना ते आणि भोवळ जिवावर बेतू शकतात. प्रत्येक घटीनंतर पहिले आठदहा दिवस मी रिक्षाने किंवा बसने गेलो. संध्याकाळी चारनंतरचा चहा बंद केला, रात्रीचे जेवण लवकर घेतले, आणि झोप आली नाही तरी सकाळी उठण्याची वेळ बदलली नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. दारू या काळात टाळावी, कारण तिच्याने झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी गोळीची की दारूची हे ओळखता येत नाही. झोपेसाठी घरात पडलेली अल्प्राझोलामची, म्हणजे क्लोनाझेपामच्याच गटातल्या औषधाची, जुनी स्ट्रिप उघडण्याचा मोह होतो. तो केल्यास एक गोळी सोडता सोडता दुसरी गळ्यात पडते. ट्रॅमाडोल असलेली वेदनाशामक गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध घेण्यापूर्वी, तसेच ‘ताण घालवणारी’ म्हणून मिळणारी कोणतीही वनस्पतिजन्य गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण यांपैकी काहींचा नैराश्याच्या औषधाशी गंभीर विरोध होऊ शकतो.

घरातल्या निदान एका माणसाला तारखांसकट सगळे सांगून ठेवावे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी प्रत्येक घटीच्या तारखेला लाल खूण करत असे आणि रोजच्या चौकोनात झोपेचे तास व त्रासाला दहापैकी गुण लिहीत असे. खूण झाल्यावर आठवडाभर माझ्या तोंडी लागायचे नाही, हे घरात न बोलता ठरून गेले होते. त्या चौकोनांचा खरा उपयोग पुढच्या पायरीत झाला.

सहावी पायरी : औषधाचा तुटवडा की आजाराची चाहूल?

हा फरक करणे सर्वांत अवघड आहे आणि चुकले तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते: तुटवड्याला आजार समजून माणूस आयुष्यभर गोळीला धरून राहतो, किंवा खऱ्या आजाराला तुटवडा समजून अंगावर काढतो. पाहायच्या गोष्टी तीन. पहिली वेळ: तुटवड्याचा त्रास घटीनंतर लगेच, बहुधा दिवसांच्या हिशेबात येतो, आजार सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू डोके वर काढतो. दुसरी जात: झटके, भोवळ, मुंग्या, कसकस ही नैराश्याची लक्षणे नव्हेत, ती सोबत असतील तर संशय औषधाकडे जातो. आपल्या आजाराचा चेहरा आपल्याला माहीत असतो. माझा आजार यायचा तेव्हा मला आंघोळ नकोशी व्हायची आणि फोन उचलवत नसे. तुटवड्याच्या दिवसांत मी चिडत होतो, रडत होतो, पण आंघोळ एकदाही चुकली नाही. तिसरी गोष्ट उतार: गोळी पूर्वीच्या मात्रेवर नेल्यावर तुटवड्याचा त्रास काही दिवसांतच ओसरतो, आजाराला मात्र आठवडे लागतात. कॅलेंडरवरचे आकडे समोर असले की डॉक्टरांना हा निवाडा करणे पुष्कळ सोपे जाते.

कोठे थांबायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. जगणे नकोसे होणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे, एका जागी क्षणभरही बसवू न देणारी आतली तगमग, अनेक रात्री झोपेशिवाय राहूनही अंगात विलक्षण उत्साह संचारणे, भास होणे, फिट येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि ते भेटत नसतील तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. माणसाला एकटे सोडू नये, आणि घरातल्या गोळ्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्याव्यात.

शेवटच्या गोळीनंतर

शेवटची कणी संपली त्या दिवशी फाइल कपाटात टाकून देऊ नये. आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, म्हणून महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी भेटायच्या तारखा डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवाव्यात. मानसोपचाराच्या बैठका चालू असतील तर त्या याच काळात थांबवू नयेत. चालू नसतील तर गोळी उतरवतानाच सुरू केलेल्या बऱ्या. ओळखीच्या कोणाला ‘माझे हे औषध उरले आहे, घेऊन बघ’ असे म्हणून उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. डॉक्टरांनी थोड्या जवळ ठेवायला सांगितल्या नसतील, तर त्या मेडिकलवाल्याला विचारून नष्ट कराव्यात.

आणि कोणते औषध, किती मात्रेत लागू पडले, ते किती आठवड्यांत व कोणत्या टप्प्यांनी उतरवले, कोणत्या मात्रेवर अडखळायला झाले, हे सगळे एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावे. मी लाल खुणांची आठही पाने कालनिर्णयातून फाडून तशीच फाइलमध्ये लावली आहेत. त्यांच्या मागच्या बाजूच्या पाककृती मात्र बायकोने आधी वहीत उतरवून घेतल्या.